शैलजाच्या रुखवतातले दोन मॉनिटर

आमच्या घरात पहिली खुर्ची आली ती माझ्यामुळं. कमठाण्याकडचं आमचं गाव. घरात मेंढरं, घोंगड्या, एक लोखंडी पेटी आणि बसायला जमीन. मी बिदरला बारावी पास झालो आणि गुलबर्ग्याला बी.एस्सी.ला जाणार हे ठरल्यावर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाजारातून एक लोखंडी खुर्ची डोक्यावर घेऊन आणली. शिकलेला माणूस खाली कसा बसणार, असं त्यांचं म्हणणं. त्या खुर्चीवर मी बसलो तो बसलोच. पुढं बसवकल्याणला कम्प्युटरचा क्लास काढला, शेजारी दुकान काढलं, सगळा संसार खुर्चीवर बसून केला. अप्पा मात्र त्या खुर्चीवर कधीच बसले नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जी फजिती सांगणार आहे तिचा एक पाय त्या खुर्चीत अडकलेला आहे.

या अंकाच्या संपादकांनी ‘सीमाभागातील संगणक क्रांती’ असा विषय सुचवला होता. मी त्यांना विनंती केली की क्रांती माझ्याकडून झालेली नाही. मी हैदराबादहून बसच्या टपावर चादरीत गुंडाळलेले मॉनिटर आणले आणि विकले. त्यातले दोन एका लग्नात गेले. तेवढंच मला नीट आठवतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडं लोक मॉनिटरलाच कम्प्युटर म्हणायचे. खरं डोकं ज्यात असतं त्या पेटीकडं कुणी बघायचंही नाही. गिऱ्हाईक यायचं, पडद्यापुढं उभं राहायचं आणि विचारायचं, “ह्यात सगळं येतं का?” मीही ‘येतं’ म्हणायचो.

मॉनिटर दोन जातींचे. जुना जाड, मागं कुबड असलेला. त्याला आमच्याकडं ‘डबा’ म्हणायचे. नवा पातळ, त्याला ‘पाटी’. डब्याच्या पोटात एक नळी असते आणि ती मागून सतत चित्र रंगवत असते. एकदा रंगवलेलं विझतं, म्हणून पुन्हा रंगवायचं, पुन्हा विझायचं. हे इतक्या भराभर होतं की चित्र स्थिर वाटतं, पण डोळ्यांना ती लुकलुक कळते. दिवसभर अक्षरं जुळवणाऱ्या माणसाचं कपाळ संध्याकाळी ठणकायला लागतं ते त्यामुळं. पाटीत तसं नाही. तिच्यात बारीक बारीक खिडक्या असतात आणि मागं एकसारखा उजेड. लुकलुक नाही, अक्षर ठसठशीत. पण त्या काळातल्या स्वस्त पाट्यांच्या खिडक्या आळशी. उघडझाप करायला वेळ लावायच्या. पडद्यावर एखादी मोटार जोरात पळाली की तिच्यामागं धुरासारखी सावली ओढली जायची. म्हणून गेम खेळणाऱ्या पोरांना डबाच हवा असायचा.

यावरून मी एक सिद्धांत तयार केला होता: खेळायला डबा, कामाला पाटी. तो मी पेंटरकडून रंगवून घेऊन दुकानाबाहेर लावला आणि खाली लिहिलं, ‘सल्ला मोफत’. गुलबर्ग्याच्या पदवीचा उपयोग गावाला व्हावा अशी माझी मनापासून इच्छा होती. सल्ला घ्यायला लोक फारसे यायचे नाहीत. यायचे ते बहुतेक झेरॉक्स कुठं मिळेल हे विचारायला.

दुकानात पहिली पाटी आली तेव्हा मी अप्पांना दाखवायला बोलावलं. ते आले, पायताणं बाहेर काढली आणि नेहमीप्रमाणं भिंतीला टेकून खाली बसले. मी उंच टेबलावर पाटी लावून तिच्यावर बसवकल्याणच्या किल्ल्याचा फोटो आणला. पिवळा उन्हातला किल्ला, निळं आभाळ. अप्पांनी बराच वेळ वर बघितलं.

“काळं दिसायलंय रं,” ते म्हणाले.

मी उजेड वाढवला. तरी काळंच. आणखी वाढवला. अप्पांनी मान हलवली. मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर उन्हात मेंढरं राखून माणसाचे डोळे गेले, आणि आपण इथं पडदे विकत बसलो. दुसऱ्याच दिवशी त्यांना बिदरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, लांबचं तर तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं. त्यांनी मलाच चष्मा लिहून दिला. परतीच्या बसमध्ये अप्पा खिडकीतून बघत होते आणि मधूनच, कुणाची मेंढरं आहेत ते लांबूनच ओळखून सांगत होते.

आता लग्न.

शैलजा माझ्या क्लासची विद्यार्थिनी. तिच्या वडिलांचं, शरणप्पांचं, पेठेत भांड्यांचं दुकान. घरात कन्नड, दुकानात मराठी, उदगीर-हैदराबादच्या व्यापाऱ्यांशी उर्दू. शैलजाला तिन्ही यायच्या आणि हात फार सफाईचा. क्लासमध्ये ती लग्नपत्रिका जुळवायला शिकली आणि वर्षभरात तिच्या पत्रिका तालुक्यात फिरायला लागल्या. त्या काळात आमच्याकडच्या पत्रिकाच बदलत होत्या. आधी नावांपुढं गावं असायची. आता नवरदेवाच्या नावाखाली पुण्यातली कंपनी, मामाच्या नावापुढं हैदराबाद, आणि कोपऱ्यात नवरानवरीचा फोटो. एकाच पत्रिकेत अर्धे पाहुणे मराठी वाचणारे आणि अर्धे कन्नड. हे सगळं एका कागदावर सुखानं बसवायचं काम शैलजा करायची. फक्त माझ्या क्लासचे डबे जुने होते. संध्याकाळी ती कपाळाला रुमाल बांधून घरी जायची.

तिचं लग्न हुलसूरला ठरलं. मुलगा संतोष. त्याच्या वडिलांचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. संतोष दोन वर्षं हैदराबादला नोकरी करून परत आलेला. बैठकीतच शैलजानं वडिलांना सांगितलं की मला पाटल्या नकोत, कम्प्युटर द्या. तिथं घरी बसून पत्रिकांचं काम करीन. सासरच्यांनी हरकत घेतली नाही. सासू, गंगाबाई, एवढंच म्हणाल्या की कामाला आमची ना नाही, पण काम म्हणून आणलं तर काम झालेलं दिसलं पाहिजे. शैलजाच्या दृष्टीनं तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या वाक्यावर उभं होतं. काम दिसलं तर काम राहील, नाही तर कम्प्युटरवर रुमाल पडेल.

बापलेक माझ्या दुकानात आले. मला आनंद झाला. माझा सिद्धांत वापरायची अशी सोपी संधी कधीच आली नव्हती. काम आहे, पाटी घ्या. मी दोन्ही मॉनिटर शेजारी ठेवून भाषण सुरू केलं. शरणप्पा ऐकत नव्हते. त्यांनी आधी डबा उचलला, दोन्ही हातांनी तोलला आणि खाली ठेवला. मग पाटी एका हातानं उचलली आणि तिला बोटानं टिचकी मारली. पडद्यावर पाण्यासारखी लाट उठली. ते दचकले.

“मास्तर, हे कच्चं हाय,” ते म्हणाले.

मी समजावलं की नवीन विद्या आहे, हलकीच असते.

“पितळ बी पत्र्याचं केलं की हलकं होतंय. त्याला नवीन विद्या म्हणत न्हाईत. मी पोरीच्या रुखवतात ही पाटी ठेवायची, आन् पाव्हण्यांनी मागून वाकून बघायचं, बाकीचं कुठाय म्हणून?”

रुखवत म्हणजे मुलीबरोबर सासरी जाणाऱ्या वस्तू मांडवात मांडून ठेवायची आमच्याकडची रीत. भांड्यांच्या व्यापाऱ्याची मुलगी; तिच्या रुखवताकडं सगळ्या पेठेचं लक्ष. शैलजा वडिलांना हळूच म्हणाली, “अप्पा, मी त्याच्यापुढं बसणार हाय, पाव्हणे न्हाई.” शरणप्पा विचार करतो म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी संतोष आला. एकटाच, आणि मागच्या दारानं. लग्नाआधी नवऱ्या मुलानं सासुरवाडीच्या गावात दिसू नये म्हणतात. तो खुर्ची ओढून अगदी जवळ बसला.

“सर, तुमचा बोर्ड वाचलाव. एकदम करेक्ट हाय.”

माझा बोर्ड वाचलेला तो पहिला माणूस. मला भरून आलं. मग त्यानं सांगितलं की हैदराबादला असताना त्याला मोटारींच्या शर्यतीचा आणि गोळीबाराचा खेळ लागला, हुलसूरमध्ये तशी सोय नाही, आणि आता घरात कम्प्युटर येतोच आहे तर मी शरणप्पांना डबाच घ्यायला सांगावं. “पाटीवर गाडीमागं सावली पडती सर. तुमाला तर म्हाईत हाय.”

मला माहीत होतं. तेच तर बोर्डावर होतं.

म्हणजे पाटी हवी एकट्या शैलजाला, डबा हवा दोघांना, आणि त्यातला एक माझंच वाक्य मला ऐकवत होता. मी सरळ म्हणायला हवं होतं की मुलगी काम करणार आहे, पाटी घ्या, विषय संपला. पण शरणप्पा माझ्या गल्लीतले वजनदार माणूस आणि संतोष माझा एकमेव वाचक. दोघांनाही दुखवणं माझ्या स्वभावात नाही. विज्ञान शिकलेल्या माणसानं अशा वेळी तोडगा काढायचा असतो. मी काढला.

क्लासमध्ये माझ्याकडं एक छोटी डबी होती. कम्प्युटरमधून एक वायर त्या डबीत जायची आणि डबीतून दोन वायरी निघून दोन मॉनिटरना जायच्या. माझ्या पडद्यावरचं मागच्या बाकावरच्या पोरांना दिसावं म्हणून मी ती आणली होती. मी ठरवलं, शरणप्पांनी पाटी घ्यायची. क्लासमधला एक चांगला डबा पुसूनबिसून माझ्याकडून आहेर. दोन्ही एकाच पेटीला जोडायचे. शैलजा पाटीवर काम करील, संतोष डब्यावर खेळेल, आणि रुखवताला वजन येईल. हा विचार सुचला त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की जेवताना बायकोला दोनदा सांगितला. तिनं विचारलं, “दोघं एकदम बसले तर?” मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही.

मांडव शरणप्पांच्या दारात पडला. रुखवत असं की बघत राहावं. घागरी, हंडे, परात, ताटांच्या चळती, सगळं चिंचेनं घासलेलं. आणि मधोमध चौरंगावर हिरवं कापड घालून माझे दोन मॉनिटर, दोघांनाही हळदीकुंकू आणि झेंडूचे हार. मी नवा शर्ट घालून शेजारी उभा होतो, कुणी काही विचारलं तर सांगावं म्हणून.

विचारलं संतोषच्या मोठ्या काकूंनी. हुलसूरकडच्या बायका रुखवत बघत बघत आल्या, भांडी वाजवून पाहिली, आणि मॉनिटरांपाशी थांबल्या.

“दोन कामून?”

“एक मुलीचा, एक नवरदेवाचा,” मी अभिमानानं सांगितलं.

काकूंनी पदर सारखा केला. “त्याचं त्याला, तिचं तिला? अजून अक्षता पडल्या न्हाईत, आन् आत्ताच येगळं निघायची तयारी?”

मागच्या बायकांमध्ये कुजबुज झाली आणि ती मांडवभर गेली. मुलगी नवऱ्यापासून वेगळा कम्प्युटर घेऊन येते आहे. एकीनं म्हटलं, उद्या चूलही दुसरी मागेल. संतोषचे वडील पानाचा विडा हातातच धरून उठले. शरणप्पा माझ्याकडं बघायला लागले. हलकं भांडं विकणाऱ्याकडं ते जसं बघत असतील तसं. शैलजा आत हिरवा चुडा भरत होती. तिला कुणीतरी जाऊन सांगितलं आणि ती दारापर्यंत आली. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला काहीतरी करणं भाग पडलं.

मी माइकवाल्याच्या जनरेटरवरून वायर ओढली, पेटी सुरू केली, डबी जोडली. दोन्ही पडदे उजळले. पेटीत शैलजानंच जुळवलेली तिची लग्नपत्रिका होती, ती मी उघडली. दोन्हींवर एकच गणपती, एकच बसवण्णा, दोघांची तीच नावं. मी माइकवाल्याकडून माइकही घेतला, याची मला आजही लाज वाटते.

“मंडळी, डोकं एकच आहे,” मी म्हणालो. “तोंडं दोन आहेत. ह्यात जे दिसेल तेच त्यात दिसेल. नवऱ्याला जे दिसेल तेच बायकोला दिसेल. वेगळं काही दिसूच शकत नाही.”

काकू दोन्ही पडद्यांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या.

“मंग बरं हाय,” त्या म्हणाल्या. “असलं एक आमच्या येळंला पायजे होतं.”

बायका हसल्या, विडा तोंडात गेला, अक्षता पडल्या. शरणप्पांनी मला पंगतीत शेजारी बसवून आग्रह केला. संतोषच्या आई गंगाबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या मॉनिटरांजवळ जाऊन एकटीनंच ती वायर बोटानं चाचपत होत्या. घास तोंडात असतानाच माझ्या लक्षात आलं की मी माइकवरून काय जाहीर केलं होतं. शैलजा पत्रिका जुळवत असेल तेव्हा संतोषला खेळता येणार नव्हतं. संतोष खेळत असेल तेव्हा शैलजाच्या पाटीवरून मोटारी पळणार होत्या. म्हणजे बायकोनं जेवताना विचारलेलं बरोबर होतं. मी आणखी एक जिलबी घेतली.

महिना-दीड महिन्यानं शैलजाचा फोन आला. आवाज दबलेला.

“सर, एकदा येऊन जा. रंगाचं काय तरी बिघडलंय. अव्वा म्हणायल्यात, काम बंद कर.” सासूला ती अव्वा म्हणायची.

भांडण त्या दोन वायरींवरूनच असणार असं धरून, हुलसूरच्या जीपमध्ये बसून मी वाटभर मनात वायर कापत होतो. घरी गेलो तर व्यवस्था अशी दिसली: पुढच्या खोलीत टेबलावर पेटी आणि डबा. पाटी तिथं नाहीच. वायर भिंतीतल्या झरोक्यातून आत गेलेली. पाटी स्वयंपाकघरात, फळीवर, डाळीच्या डब्यांच्या शेजारी. काय झालं ते शैलजानं हळू आवाजात सांगितलं. दोन पडदे एका खोलीत नकोत, लोक वेगळं निघाल्याचं बोलतात, म्हणून अव्वांनी एक आत न्यायला लावला. कुठला न्यायचा हे संतोषनं ठरवलं, म्हणून पाटी आत गेली. आणि मांडवात मास्तरांनी सांगितलंच होतं की ह्यात जे दिसतं तेच त्यात दिसतं. तेव्हापासून गंगाबाई भाकरी थापता थापता सुनेचं काम बघत होत्या.

मी एका हुशार मुलीच्या सासूला भिंतीपलीकडं बघायचा डोळा करून दिला होता, वर हार घालून. मी कुजबुजलो, “वायर जळाली म्हणून सांगतो. काढून नेतो.”

“नको सर,” शैलजा घाईनं म्हणाली. “वायर तेवढी राहू द्या.”

मग तिनं जे सांगितलं ते असं. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी संतोष गोळीबाराचा खेळ लावायचा. गंगाबाई आत बसून बघायच्या. खेळात माणूस मरतो, पुन्हा उठतो, पुन्हा मरतो. आणि तो माणूस म्हणजे आपला संतोष, हे त्यांना समजलं होतं. चार दिवस त्यांनी सोसलं. पाचव्या दिवशी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “दिवसातनं किती डाव मरायलास रे? आई हाय मी. बघवंना मला.” खेळ बंद झाला. संध्याकाळ शैलजाची झाली. अव्वा बघतात म्हणूनच तिला बसायला मिळत होतं.

“मग काम बंद का करायला सांगतात?”

“म्हणतात, पत्रिका काळ्या करायलीस. मी तर कुंकवाचाच रंग घेतलाय सर. इथं लाल दिसतंय.” तिनं कपाळावरचा रुमाल सारखा केला. डब्यापुढं बसून पुन्हा ठणकायला लागलं होतं. “तीन पत्रिका तशाच पडल्यात. लग्नाच्या कागदावर काळं नको, आपल्या घरातनं असलं जायला नको, म्हणतात. मी आत जाऊन बघती तर नीट दिसतंय. मी खोटं बोलायली असं वाटतंय त्यांना.”

हे माझ्या खात्यातलं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो. गंगाबाई चुलीपाशी बसल्या होत्या, पुढ्यात तुरीच्या शेंगा. मी फळीपुढं उभा राहून पाटीची बटणं दाबली. पत्रिका लख्ख लाल-पिवळी होती. मी उजेड वाढवला.

“आता?”

“काळं.”

आणखी वाढवला.

“काळंच. नवरदेवाचं तोंड बघा की, भुतावाणी दिसायलंय. गणपती तर डांबराचा.”

मी पुन्हा पडद्याकडं बघितलं. नवरदेव गोरापान होता. मी फार आदरानं म्हणालो की मावशी, वय झालं की डोळ्यांत असं होतं, बिदरला एक चांगले डॉक्टर आहेत, मी माझ्या वडिलांनाही नेलं होतं.

गंगाबाईंनी शेंगा सोलायचं थांबवलं. “आन् काय म्हणाले डॉक्टर?”

मी जरा थांबून सांगितलं, डोळे उत्तम आहेत म्हणाले.

“व्हय का.” त्यांनी एक पाट माझ्याकडं सरकवला. “बसा. चहा ठेवायलेय. उभ्यानं पाव्हण्याला चहा देत न्हाई मी.”

मी इकडंतिकडं पाहिलं. खुर्ची नव्हती. पाटावर मांडी घातली, गुडघे करकरले, आणि सहज मान वर केली.

फळीवरची पाटी काळी होती. लाल गणपती डांबरी झाला होता. पिवळी जमीन शेणासारखी. नवरदेवाचं तोंड फोटोच्या उलट्या फिल्मसारखं, ओठ पांढरे आणि गाल काळे. मी अर्धवट उठलो, लाल झालं. खाली बसलो, काळं झालं. पुन्हा उठलो. गंगाबाई चहाचं पातेलं धरून बघत होत्या.

“मास्तर, उठाबशा कामून काढायलाव?”

त्या काळातल्या स्वस्त पाटीचा हा एक दोष होता. समोरून बघितलं तरच रंग खरे. खालून बघितलं की उलटे. पुस्तकात तो दिलेला होता आणि मी वाचलाही होता. माझ्या बोर्डावर तो नव्हता, कारण मी प्रत्येक पाटी खुर्चीवर बसून तपासली होती. ज्या घरात माझा जन्म झाला तिथं सगळे जण जग जमिनीवर बसून बघायचे, हे मला आठवलंच नाही. शैलजाही आत यायची ती उभ्यानंच बघून जायची. त्या घरात गंगाबाईंच्या जागी खाली बसून कुणीच बघितलं नव्हतं.

मी शैलजाला हाक मारली. “इथं बस आणि वर बघ.”

ती सासूच्या शेजारी बसली. वर बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. “अव्वा, हे तर खरंच काळं हाय की.”

“तेच महिनाभर सांगायलेय,” गंगाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुणीतरी एकदा शेजारी येऊन बसलं, एवढंच त्यांना हवं असावं.

मी पाटी पुढं वाकवायला लागलो. चुलीपाशी रंग नीट आले, पण गंगाबाई पाट्या-वरवंट्याकडं सरकल्या की पुन्हा काळोख. शैलजा माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली, “सर, अदलाबदल केली तर? डबा सगळीकडनं सारखाच दिसतो न्हाई का?”

सारखाच दिसतो. नळीनं रंगवलेलं चित्र वरून बघा, खालून बघा, आडवं पडून बघा, लाल ते लालच. संतोषला हाक मारून आम्ही दोघांनी डबा उचलून आत आणला आणि धान्याच्या पेटीवर ठेवला. पाटी बाहेर शैलजाच्या टेबलावर गेली. गंगाबाईंनी चुलीपासून बघितलं, पाट्यापासून बघितलं, दाराजवळ जाऊन बघितलं. गणपती सगळीकडून लाल. त्यांनी डब्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तुरीच्या शेंगांची परडी त्याच्या डोक्यावर ठेवली.

“ह्याच्यावर काय ठेवता तरी येतंय,” त्या म्हणाल्या. “लग्नातच म्हणले असते, पण मला कोण इचारतंय.” मग सुनेला सांगितलं, “बस कामाला. तिघांच्या पत्रिका अडल्यात.”

शैलजा पाटीपुढं जाऊन बसली. थोड्या वेळानं तिनं कपाळावरचा रुमाल सोडला आणि घडी करून टेबलावर ठेवला.

संतोषनं मला बाजूला घेऊन विचारलं की आता आपण कधी खेळलो तर पाटीवरच ना, आणि मग गाडीमागं सावली येणार, शेपटासारखी? मी म्हटलं, येणार. आतून गंगाबाईंचा आवाज आला, “शेपटासगट चालव. पण मरू नको.”

शैलजाच्या पत्रिका पुढं उमरग्यापर्यंत गेल्या. हुलसूरच्या त्या घराला आजही काही लोक ‘पत्रिकेचं घर’ म्हणतात. पत्रिका छापायला जाण्याआधी ती आत आवाज द्यायची, “अव्वा, रंग बघा,” आणि आतून ‘बरा हाय’ आल्याशिवाय कागद पुढं जायचा नाही. तेवढ्या काळात मॉनिटरांच्या पाच पिढ्या झाल्या, डबे भंगारात गेले. माझ्या माहितीप्रमाणं तो डबा सगळ्यात शेवटी बंद पडला आणि त्यानंतरही परडी ठेवायला बराच काळ होता.

हुलसूरहून परतल्यावर मी दुकानाबाहेरचा बोर्ड उतरवला. खेळायला डबा आणि कामाला पाटी, असं सांगितलेल्या घरात काम पाटीवर होतं हे खरं, पण खेळही पाटीवर गेला होता आणि डबा चुलीपाशी बसला होता. असा सिद्धांत बाहेर टांगण्यात अर्थ नव्हता. बोर्डाची फळी चांगली होती. तिच्यावर मी चपला ठेवायची सोय केली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अप्पा दुकानात आले. पायताणं काढली, भिंतीला टेकून खाली बसले. मी टेबलावरच्या पाटीवर तोच किल्ला आणला आणि खुर्चीवरून उठून त्यांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसलो. आभाळ काळं होतं. किल्ला कोळशाचा होता. आम्ही दोघं काही वेळ वर बघत बसलो.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं.

“आता तुला बी दिसायलंय,” ते म्हणाले.